धायाकाकाच्या नावाखालची जागा

शिरवणे,
ता. ११ नोव्हेंबर १९९५

सौ. सुमित्राबाई यांस,
वामन हाशा मढवी याचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. पाकिटावर 'वामन मास्तर, शिरवणे' एवढंच होतं. पूर्वी तेवढं पुरत असे. आता गावात आमच्यापेक्षा भाडेकरू जास्त आहेत, पोस्टमन नवा आहे, तो पत्र घेऊन तीन दिवस चाळीचाळींतून फिरला आणि शेवटी घरी बायकोच्या, सगुणाच्या, हातात देऊन मोकळा झाला. सगुणाला वाचता येत नाही हे तुम्हांला आठवत असेल. तिने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मास्तर, ह्यो कुनी माह्यारची बाय लिवतेय." कशावरून म्हणाली, ते सांगेना.

सेहेचाळीस वर्षांत एक पोस्टकार्ड नाही. धायाकाका गेले तेव्हा नाही, काकांचं घर पडलं तेव्हा नाही. आता अचानक तुम्हांला पूर्वज हवे झाले. नातीला, ईश्वरीला, शाळेत वंशवृक्ष काढून न्यायचा आहे आणि मिरजेला बसून तुम्हांला बापाच्या वरचं एकही नाव आठवेना, म्हणून लिहिलंत. मी अडतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. वहीसाठी किती माहिती लागते आणि तलाठ्याच्या कचेरीसाठी किती लागते, यातला फरक मला कळतो.

तुम्हांला माहीत नसेल तर सांगतो. माहीत असेल तर माझा वेळ गेला. सत्तर साली सरकारने नव्या शहरासाठी आमच्या जमिनी घेतल्या, त्यांच्या बदल्यात आता साडेबारा टक्के भूखंड परत मिळताहेत. त्यासाठी वंशावळ लागते. त्यामुळे गावोगाव भाचे, आतेभाऊ, मानलेले काके उगवले आहेत. ज्यांनी कधी चिखलात पाय घातला नाही, ते 'आमचा बांध, आमची खारजमीन' म्हणत येतात. तुमचं पत्रही ह्याच मोसमात आलं. मी नुसती नोंद केली. बाकी काही म्हणत नाही.

पण मास्तरला प्रश्न विचारला की त्याला उत्तर द्यावं लागतं. खोड जात नाही. लिहून घ्या.

आपला पणजोबा चांगो. तो खाडीपलीकडून, उरणच्या बाजूने आला, भावाशी भांडून. भांडण कशावरून ते कुणाला माहीत नाही, पण दोघे पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत. बरोबर बायको, एक म्हैस आणि दोन कुदळी. बायकोचं नाव मला कुणी सांगितलं नाही. तेव्हा इथे जमीन नव्हतीच. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल आणि तिवरांचं रान. ह्या दोघांनी ठरवलं, खाडी मागे ढकलायची. ओहोटी लागली की ओल्या चिखलाचे ढेप कापायचे, हातोहात द्यायचे, मध्ये पेंढा घालून थापायचे, पुढची भरती यायच्या आत जेवढं होईल तेवढं. पहिल्या वर्षी बांध तीनदा वाहून गेला. दुसऱ्या वर्षी टिकला. मग उघाडी बसवली, म्हणजे लाकडी दार. आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि बाहेरचं खारं आत येऊ द्यायचं नाही. जमिनीतलं मीठ धुवून निघायला तीन पावसाळे गेले. तोवर ती दोघं दुसऱ्याच्या मिठागरात राबून जगली. चौथ्या वर्षी रत्त्याचा लाल भात झाला. त्याच्याआधी ह्या मातीत माणसाने लावलेलं काही उगवलं नव्हतं.

चांगोने एक रीत घातली, ती फक्त आपल्या घरात होती. मुलगा झाला की बाराव्या दिवशी बापाने त्याच्या नावाचा एक ढेप बांधाला लावायचा आणि पाण्याकडे तोंड करून नाव मोठ्याने घ्यायचं. आधी बांधाला नाव, मग पाळण्याला. बांधाने ओळखलं नाही तर खाडी ओळखते, असं म्हणत. पुढे दर आखातीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बांधाची डागडुजी झाली की घरातल्या कर्त्याने सगळी नावं पुन्हा घ्यायची, असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही.

चांगोचा मुलगा शिवा. शिवाचे दोन, हाशा आणि धाया. हाशा माझे वडील.

सोबत वंशावळीची नक्कल जोडली आहे. सत्तर साली कचेरीत दिली होती तीच. जशीच्या तशी आहे, मी पदरचं काही घातलेलं नाही. शाळेच्या वहीला पुरेल.

यजमानांना नमस्कार.

वामन हाशा मढवी


शिरवणे,
ता. ३ डिसेंबर १९९५

सुमित्रा,

'तुम्ही' नको, असं लिहिलंस, म्हणून 'तू' लिहितो. मागे 'सौ.' लिहिलं ते माफ कर. तुझे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले हे मला माहीत नव्हतं. कुणी कळवलं नाही, असं लिहिणार होतो. पण कळवायचं कुणी?

बाकी तुझ्या पत्रात एकच ओळ आहे. 'दादूस, माझ्या बाबांच्या नावाखाली निःसंतान कुणी लिहिलं?'

वंशावळी तलाठी करतो, गावकामगार लिहून घेतो, पंच सह्या ठोकतात. त्या वर्षी अशी शेकडो कागदपत्रं झाली. कुणी काय लिहिलं ते आता कोण सांगणार? हे असंच उत्तर मी लिहायला घेतलं होतं. पण तुझी पुढची ओळ वाचली, 'अक्षर तुझं आहे.' तुला अक्षरं मीच शिकवली. बेलापूरच्या शाळेतून घरी आलो की बांधावर उकिडवा बसून काडीने चिखलात काढून दाखवायचो आणि तू तुझ्या बोटाने त्याच्याखाली गिरवायचीस. तेव्हा माझं अक्षर तू ओळखणारच. हो, मी लिहिलं.

आता का ते ऐक.

तू गेलीस तो दिवस आठव. पिठोरीचं उधाण होतं. सकाळीच बांधाला खांड गेली, वीस हाताचं भगदाड, आणि खाडी आत आली. अशा वेळी गावचा कायदा काय ते तुला ठाऊक होतं. हाक पडली की घरटी सगळे हात बांधावर. ज्या घरातून हात कमी, त्याच्या शेतासमोरची बाजू शेवटी बुजवायची. धायाकाकाच्या घरात हात चारच, त्याचे दोन आणि तुझे दोन. काकी तर केव्हाच गेली होती. काका एकटा आला. लोकांनी विचारलं, पोरगी कुठे? काका म्हणाला, "ताप हाय तिला." मी त्याच्या शेजारी उभा राहून ढेप देत होतो. त्यालाही तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी मिठागरावरून बातमी आली, मोजणीला आलेला तो देशावरचा पोरगा आणि तू पनवेलच्या गाडीत बसलात.

काकाची बाजू शेवटी बुजली. त्याच्या शेतात मीठ शिरलं. तीन वर्षं त्या तुकड्यात गवतसुद्धा आलं नाही. खांड बुजवायला दोन हात कमी पडले, ते तुझे. घरजावई आणायचं त्याच्या मनात होतं, जातीतला, कष्टाचा. तू त्याला गावात मान वर करायला जागा ठेवली नाहीस. त्याने तुझ्या नावाने आंघोळ केली. तू कल्याणला आहेस असं कळल्यावर मी तिथल्या स्टेशनवर येऊन तुला तोंडावर सांगितलं होतं. तू बाकावर बसून होतीस. काका त्या धक्क्यातून उठला नाही. त्यातच गेला.

ज्याने मुलीच्या नावाने आंघोळ केली, त्याला संतान आहे असं मी कागदावर कसं लिहायचं?

वामन


शिरवणे,
ता. १४ जानेवारी १९९६

सुमित्रा,

दीड महिना तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती.

मागच्या पत्रात एक चूक आहे, ती दुरुस्त करायला लिहितो आहे. मुलांच्या वहीत चूक दिसली की मी तांबड्या शाईने गोल करायचो. स्वतःच्या पत्रात ती सगुणाने दाखवली. पत्र टाकून आल्यावर मी तिला सहज तोंडी सांगत होतो, काय लिहिलं ते. ती तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली,

"धक्क्यानं गेला? धायाकाका?"

"हो."

"पंदरा वर्सांनी धक्का लागला काय त्याला? ती गेली एकोनपन्नासला. आनि काका मेला चौसष्टला. येवरा मोठा धक्का मना तरी नाय म्हाईत."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं."

"मना वाचता येत नाय, मास्तर. मोजता येतंय."

तेव्हा नीट सांगतो.

तुझ्या जन्माच्या वेळी मी सात वर्षांचा होतो. बाराव्या दिवशी काका चिखलाचा ढेप डोक्यावर घेऊन बांधाकडे निघाला. मुलीचा ढेप लावायची रीत नव्हती. माझ्या बहिणीचा, रंगूचा, लावला नव्हता. बांधावर माणसं हसली. कुणी म्हणालं, "धाया, लगीन झाल्याव ढेप उपटून सासरी धारनार काय रं?" काका ढेप थापत थापत म्हणाला, "दर्याचं पानी काय इचारून येतंय, ह्यो ढेप पोराचा का पोरीचा?" मग पाण्याकडे तोंड करून त्याने तुझं नाव घेतलं. एवढ्या मोठ्याने, की मी कानांवर हात ठेवले. हे मी मागे लिहिलं नाही. 'मुलगा झाला की' असं लिहून पुढे गेलो.

नावं घ्यायचं काम हाशाबाबांनी काकाकडे सोपवलं होतं. तू गेल्यावर पुढच्या आखातीला सगळ्यांना वाटलं, हा आता तुझं नाव गाळणार. त्याने गाळलं नाही. चांगोचं, शिवाचं, हाशाचं, माझं, आणि सगळ्यांत शेवटी तुझं. पंधरा वर्षं हे चाललं. शेवटच्या वर्षी त्याला उभं राहवत नव्हतं, मी आणि हाशाबाबा त्याला पाटावर बसवून घेऊन गेलो. नाव घेतलंच.

आंघोळ त्याने केली नाही. आंघोळ मी केली होती. विहिरीवर, चार लोकांदेखत. कल्याणला तुला सांगताना माणूस तेवढा बदलला. तू परत यायला निघाली होतीस हे मला दिसत होतं. तुझ्या हातात गाठोडं होतं.

काका गेला, वर्षभरात हाशाबाबाही गेले, आणि पासष्ट सालापासून नावं घेणारा मी. पहिल्याच आखातीला मी तुझ्या नावाशी आलो आणि थांबलो. मला कुणी थांबवलं नव्हतं. मी पितरांची घागर उचलली आणि घरी आलो. कागदावर 'निःसंतान' सत्तर साली लिहिलं. बांधावरून तुला काढून तेव्हा पाच वर्षं झाली होती.

आणखी एक सांगितलं म्हणजे संपलं. छप्पनच्या कायद्याने बापाच्या जमिनीत मुलीलाही हिस्सा आला, हे आमच्या गावात मला एकट्याला माहीत होतं. कारण गावात पेपर मी एकटाच वाचायचो.

वामन


शिरवणे,
ता. १० मार्च १९९६

सुमित्रा,

तुझं जाड पाकीट मिळालं. आत स्टॅम्प पेपरवरचं हक्कसोड पत्र, नोटरीच्या शिक्क्यासकट. जमिनीत, भूखंडात, काहीत काही नको, असं लिहून दिलंस. आणि वेगळ्या चिठ्ठीवर, 'बाबांच्या नावाखाली माझं नाव घाल. एवढंच. ईश्वरीची वही जानेवारीतच गेली, आता माझ्यासाठी हवं.'

पहिल्या पत्रात मी जो संशय घेतला होता तो ह्या कागदाने माझ्या थोबाडीत मारला. मारायलाच हवा होता.

आता इथे काय झालं ते ऐक.

आमच्या घरचे कागद हितेश बघतो. माझा मुलगा. तुझ्या मनात मास्तरचा मुलगा म्हणून काही चित्र असेल तर ते पुसून टाक. त्याचे दोन डंपर आहेत, मुरूम टाकायचं काम करतो. चांगोने खाडी मागे ढकलून शेत केलं, हितेशने शेतावर मुरूम टाकून प्लॉट केले. आपल्या बांधाचा उरलेला तुकडा चार वर्षांपूर्वी बुजला, तो त्याच्याच डंपरने. मुलगा वाईट नाही. मला ब्लडप्रेशरच्या गोळ्या तोच आणतो.

तुझं हक्कसोड पत्र मी मोठ्या दिमाखात त्याच्यापुढे ठेवलं. मला वाटलं, आता त्याची अडचण संपली. जमीन मागत नाही म्हटल्यावर नाव घालायला काय जातं?

त्याने वाचलं. "बाबा, ही कोन?"

"माझी चुलत बहीण. धायाआजोबांची मुलगी."

"आजोबांना पोर नाय. कागदाव हाय तसं."

"ते चुकीचं आहे. आता नाव घालू. ती हक्क सोडतेय ना."

तो हसला. कुत्सित नाही, खरंच गंमत वाटून. "अवो बाबा, जिचं नावच नाय, ती हक्क सोडनार कसला? सोडायला आदी असावा लागतोय. ठेवा कपाटात, आपल्याला गरजच नाय याची."

"मग आधी नाव घाल."

"नाव घातलं का फाइल गेली मागं. वारसांची नोटीस, हरकती, पेपरात जाहिरात, दोन वर्सं टेन्शन. बिल्डर थांबनार हाय काय? शेजारच्या प्लॉटची पायाभरनी झाली." मग थोडं समजुतीने म्हणाला, "तिला पायजे काय ते सांगा ना. साडी-बिडी करू. मिरजेला जाऊन देऊन येतो गाडीनं."

मी म्हटलं, तिला नाव पाहिजे. तो म्हणाला, "नावाचं काय करनार म्हातारपनी?"

मी हक्कसोड पत्राची घडी घातली.

त्याने भूखंडासाठी नवी वंशावळ टाइप करून आणली होती, माझ्या सहीसाठी. घराण्यातला सगळ्यांत मोठा म्हणून प्रतिज्ञापत्र मी करायचं आहे. मी चष्मा लावून वाचली. चांगो, शिवा. धाया, निःसंतान. हाशा यांना एक मुलगा, वामन.

एक मुलगा. रंगूचं नाव नव्हतं.

रंगूला तू विसरली नसशील. मी ट्रेनिंगला जावं म्हणून तिने मिठागरात दोन वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. तिच्या टाळूवर केस उरले नव्हते. तिला जाऊन बारा वर्षं झाली. तिची मुलं दिवाळे गावात असतात.

मी विचारलं, "रंगूआत्या कुठे आहे?"

"तिची चार पोरं येतील सह्यांना. एक 'हो' बोलंल, तीन बोलनार नायत. कशाला?"

"ती माझी सख्खी बहीण होती."

हितेशने कपाटातून सत्तर सालचा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि धायाकाकाच्या नावाखाली बोट ठेवलं. "मी काय मनानं केलं नाय, बाबा. ह्ये बगूनच केलंय. तुमचंच अक्षर हाय ना?"

सगुणा दारात उभी होती. इतकी वर्षं संसार केला, पण तिने माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. माझी कीव येत असल्यासारखं.

मी सही केलेली नाही. विचार करतो, म्हणालो.

वामनदादा


शिरवणे,
ता. २१ एप्रिल १९९६

सुमे,

शुक्रवारी मी सही केली.

पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस. पण हे पत्र फाडू नकोस, जपून ठेव. का ते पुढे आहे.

हितेशने धमकी दिली नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. ते मला लिहायला बरं पडलं असतं. सव्वा महिना तो रोज कागद टेबलावर ठेवायचा आणि रोज उचलून ठेवायचा. शुक्रवारी म्हणाला, "बाबा, काय ते ठरवा. पन जेवन थंड होतंय." मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, त्याच्या घरात राहतो, त्याच्या ताटात जेवतो. मी सही केली आणि जेवलो. जिताडा मासा होता. तोही गोड लागला, हे लिहायलाच हवं.

तुला वाटलं असेल, मास्तरने एवढं सगळं कबूल केलं म्हणजे तो आता नीट वागणार. मलाही वाटलं होतं. पत्रात कबूल करायला धीर लागत नाही, सुमे. मिरज लांब आहे.

आता हे नीट वाच. हे मी शुद्धीवर असताना, माझ्या हाताने लिहितो आहे.

मी वामन हाशा मढवी, राहणार शिरवणे, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, लिहून ठेवतो की कै. धाया शिवा मढवी यांना सुमित्रा नावाची एक मुलगी असून ती हयात आहे. माझे वडील कै. हाशा शिवा मढवी यांना माझ्याशिवाय रंगू नावाची एक मुलगी होती. तिला चार मुलगे आहेत. १९७० साली मी दिलेली वंशावळ खोटी आहे. १९ एप्रिल १९९६ रोजी मी केलेलं प्रतिज्ञापत्रही खोटं आहे. दोन्ही खोटी आहेत हे सही करताना मला माहीत होतं.

हा कागद घेऊन तू कुठल्याही कचेरीत जाऊ शकतेस. भूखंड अडेल. मला बोलावतील. मी नाही म्हणणार नाही; म्हणायला गेलो तरी अक्षर आहेच. तुझं हक्कसोड पत्रही सोबत परत पाठवतो. ज्या नावाने ते केलंस ते नाव आधी मिळव, मग सोडायचं की नाही ते ठरव.

हे सगळं मी सगुणाला वाचून दाखवलं. वाटलं, ती म्हणेल, बरं केलंत. ती म्हणाली, "सोताच्या हातानं झालं नाय, मंग तिच्या हातात कोयता देताव. लय शानं हाव, मास्तर. आता तिनं मारला तरी तीच वाईट आनि नाय मारला तरी तुमी सुटलाव."

खरं आहे. खोडायला जागा नाही म्हणून तसंच लिहिलं.

मग मी कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली, खरी. वर 'चांगो' लिहिलं आणि सवयीने खाली ओढणार तोच ती म्हणाली, "बाजूला गोमी लिवा."

"गोमी कोण?"

"त्याची बायको. तिनं नाय वाहिले ढेप?"

मी म्हटलं, "तुला नाव कुठून माहीत? मला कुणीच सांगितलं नाही."

"सासूनं सांगितलं मना, तिला तिच्या सासूनं. बायांना समद्यांना म्हाईत हाय. तुमी कवा इचारलंव?"

ह्या घरात सगळ्यांत जास्त शिकलेला मी. ती वंशावळ सोबत आहे. गोमी आहे, रंगू आहे, धायाकाकाच्या खाली तू आहेस, तुझ्याखाली जागा ठेवली आहे. ह्या वंशावळीवर कुठलाही शिक्का बसणार नाही. ईश्वरीच्या वहीला उशीर झाला, हे मला कळतं.

काल आखाती होती. सकाळी मी बांधावर गेलो. म्हणजे बांध होता तिथे. आता तिथे सेक्टरचा रस्ता आहे, पलीकडे नवी सोसायटी, आणि मध्ये एक नाला. खाडीचं म्हणायला तेवढंच पाणी उरलं आहे, त्याच्याकडेला चारदोन तिवरं. एकतीस वर्षांत जे गाळलं ते घ्यायचं, असं ठरवून गेलो होतो. नाल्याकडे तोंड करून उभा राहिलो. चांगो. गोमी. शिवा. हाशा. धाया. रंगू. माझं मी घेतलं नाही. मग तुझं घेतलं. धायाकाका घ्यायचा तेवढ्या मोठ्याने.

सोसायटीचा वॉचमन गेट उघडून धावत आला. चांगला माणूस असावा. म्हणाला, "बाबा, किसको बुला रहे हो? इधर कोई सुमित्रा नहीं रहती."

मी म्हटलं, "मालूम है. हमने ही निकाला उसको."

वामन हाशा मढवी

साक्षीदार: सगुणा वामन मढवी, डाव्या हाताचा अंगठा